सहाबारी आणि वऱ्हाडचा सारा

पैनगंगेच्या पलीकडे, हदगावच्या बाजूला, हटकर नायक नोवसाजी यांची गढी होती. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनने तिला वेढा घातला. त्याची फौज नावाला निजामाची होती, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा चाले. गढीत अरबांची शिबंदी होती आणि ती सहजी हटणारी नव्हती. महिना संपता संपता गढी पडली. इंग्रजी दप्तरात या लढाईचे नाव ‘नोवा’ असे लागले आणि पिटमनच्या फौजेतल्या रसेल पलटणींच्या मानचिन्हांत ते पुढे कायम राहिले.

नदीच्या अलीकडे उमरखेड, ढाणकी, बिटरगाव. आज ढाणकी यवतमाळ जिल्ह्यात आहे, तिथे नगरपंचायत आहे, आणि पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. ही नदी पुढे जवळपास शंभर वर्षे दोन राजवटींची हद्द होती. हद्दीवरच्या मुलखात हत्यारांची हलवाहलव जास्त, म्हणून हत्यारांची गोष्ट इथून सांगायला सुरुवात केली तर ती गैर ठरू नये.

त्या वेढ्यातली बंदूक, आतल्यांची असो की बाहेरच्यांची, एकबारी होती. नळीत दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानाशी रंजक भरायची, मग नेम धरायचा. एक बार उडाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. तेवढ्यात समोरचा माणूस पन्नास पावले धावून येतो, म्हणून शेवटचा निकाल तलवारीने किंवा जंबियाने लागे. घोडेस्वाराची अडचण आणखी मोठी होती. त्याचा एक हात लगामात अडकलेला, आणि ठासायला तर दोन्ही हात लागतात.

या वेढ्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर १८१८ मध्ये, लंडनमध्ये बोस्टनच्या एलिशा कोलियर नावाच्या माणसाने एका पिस्तुलाचे पेटंट घेतले. त्या पिस्तुलाला नळी एकच होती. नळीच्या मागे मात्र पाच घरांची एक फिरती चक्री बसवलेली होती. प्रत्येक घरात दारू आणि गोळी आधीच ठासून ठेवायची, एक घर उडाले की चक्री फिरवून दुसरे नळीसमोर आणायचे.

ही कल्पना कोलियरची स्वतःची म्हणावी का? तसे म्हणता येणार नाही. फिरत्या घरांच्या तोड्याच्या बंदुका त्याच्याही खूप आधीपासून घडवल्या जात होत्या, युरोपात आणि हिंदुस्थानातही. हिंदुस्थानी लोहारांनी घडवलेले असे नमुने आज परदेशातल्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. मग या बंदुका फौजेत का चालल्या नाहीत? कारण कल्पना सोपी होती, पण तिच्यातल्या अडचणी अवघड. चक्री फिरवून घर नळीशी केसभरही इकडेतिकडे न होता जुळले पाहिजे. जुळले नाही तर गोळी नळीच्या कडेवर आपटते आणि हत्यार हातातच फुटते. चक्री आणि नळी यांच्यात फट ठेवावीच लागते, नाहीतर चक्री फिरणार नाही. पण त्याच फटीतून जाळ बाहेर येतो. तो जाळ शेजारच्या घरातल्या दारूपर्यंत पोहोचला तर पाची बार एकदमच उडतात, आणि त्यातला एकच नळीतून जातो. त्यात तोड्याची किंवा चकमकीची बंदूक असेल तर प्रत्येक घराच्या कानाशी मोकळी रंजक. चक्री फिरवताना ती सांडायची.

कोलियरने यातल्या दोन अडचणी चांगल्या सोडवल्या. घराचे तोंड आतून उतरते करून नळीचे टोक त्यात बसेल अशी चक्री त्याने पुढे सरकवली, त्यामुळे फट जवळजवळ मिटली. रंजक आपोआप पडेल अशी लहान डबी चकमकीच्या झाकणाला जोडली. चक्री फिरवायची मात्र बहुतेक नमुन्यांत हातानेच. काम सुंदर होते, पण ते घड्याळजीचे काम होते. महागडे आणि नाजूक. यातली काही हत्यारे इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आली.

खरी अडचण ठिणगीची होती, आणि ती सोडवली एका पाद्र्याने. स्कॉटलंडचा अलेक्झांडर फोर्सिथ पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन. चकमकीचा जाळ दिसला की पाखरे उडून जातात, म्हणून तो वैतागला होता. आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा वापर करून त्याने १८०७ मध्ये पेटंट घेतले. पुढच्या वीसेक वर्षांत या रसायनाची चिमूट तांब्याच्या छोट्या टोपीत भरण्याची युक्ती निघाली. आपल्याकडे ‘टोपीची बंदूक’ म्हणतात ती हीच. आता प्रत्येक घरामागे एक बोंडी, बोंडीवर एक टोपी. मोकळी रंजक संपली. फिरत्या चक्रीला हवे होते नेमके हेच.

आणि आता सॅम्युएल कोल्ट. १८३० मध्ये सोळा वर्षांचा हा मुलगा ‘कोर्व्हो’ नावाच्या जहाजावर बोस्टनहून कलकत्त्याला निघाला. जहाजाचे चाक आणि त्याला जागच्या जागी अडकवणारी खिटी पाहून त्याला रिव्हॉल्व्हर सुचले आणि त्याने लाकडाचा नमुना कोरला, असे तो पुढे सांगत असे. कलकत्त्यात कोलियरची पिस्तुले पाहूनच त्याला हे सुचले असेल, असा तर्क बऱ्याच अभ्यासकांनी केला आहे. कोल्टला गोष्ट रंगवून सांगण्याची कला फार चांगली साधली होती, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. नोव्हेंबर १८५१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेत त्याने निबंध वाचला तेव्हा फिरत्या घरांच्या जुन्या बंदुकांचे दाखले त्याने स्वतःच दिले, त्यांत पूर्वेकडचेही होते. आपल्या आधी हे कोणी तरी केले आहे हे त्याने नाकारले नाही. मी ते चालते केले, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते खरे आहे.

त्याने चालते काय केले? इंग्लंडमध्ये १८३५ मध्ये आणि अमेरिकेत २५ फेब्रुवारी १८३६ रोजी घेतलेल्या पेटंटांचा गाभा एकच आहे. अंगठ्याने घोडा (टोपीवर आपटणारी हातोडी) मागे ओढला की त्याच ओढीत एक लहान आकडा चक्रीच्या मागच्या दात्याला ढकलतो आणि पुढचे घर नळीसमोर येते. त्याच क्षणी खालून एक खिटी वर येऊन चक्रीच्या खाचेत बसते आणि चक्री ठाम थांबते. रहाटाचे चाक उलटे फिरू नये म्हणून दात्यात पडणारी खिटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे समजावायला नको. फरक एवढाच की इथे ढकलणे आणि अडवणे ही दोन्ही कामे घोड्याच्या एका हालचालीला बांधलेली आहेत. टोप्यांच्या मध्ये त्याने आडभिंतीही घातल्या, म्हणजे एका टोपीचा जाळ दुसरीला लागू नये.

न्यू जर्सीतल्या पॅटर्सनला काढलेला त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. हत्यार नाजूक होते, आणि सुरुवातीच्या नमुन्यांत पुन्हा भरायचे म्हणजे हत्यार सुटे करावे लागे. त्याला वाचवले टेक्सासच्या घोडेस्वारांनी. रेंजर सॅम्युएल वॉकर याने आपल्या अनुभवावरून सुधारणा सांगितल्या: पाचाऐवजी सहा घरे, मोठी गोळी, नळीखाली कायमचा दांडा, म्हणजे गोळी जागच्या जागी ठासता यावी. १८४७ मध्ये सरकारने अशी एक हजार पिस्तुले मागवली. वजन दोन किलोच्या आसपास. कमरेला लावणे अवघड, म्हणून खोगिराला अडकवत. सुधारणा कारखान्यात बसून सुचत नाहीत, मार खाल्लेला गिऱ्हाईक त्या सांगतो. हे पुढे पुन्हा पुन्हा दिसेल.

१८५३ साल इथे जरा निरखून पाहावे लागते. त्या वर्षी लंडनमध्ये थेम्सकाठी पिम्लिको भागात कोल्टचा कारखाना सुरू झाला. यंत्रावर कापलेले सुटे भाग, एका पिस्तुलाचा घोडा दुसऱ्यात बसावा अशी घडण. इंग्रज बंदूकवाले तोवर प्रत्येक हत्यार कानशीने घासून जुळवत असत. त्यांना हा कारखाना डोळ्यांत खुपला. त्याच वर्षी, २१ मे रोजी, हैदराबादेत निजाम नासिरुद्दौला यांनी एका तहावर सही केली. ईस्ट इंडिया कंपनीचे चाळीस लाखांहून अधिक कर्ज थकले होते. ते कशाचे? हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेच्या पगाराचे. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, काम बहुतेक इंग्रजांचे, खर्च निजामाचा. तहाने कंपनीने निदान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने बाळगायचे ठरले, आणि त्या खर्चासाठी वऱ्हाड तोडून घेतले. पैनगंगेच्या अलीकडचा उमरखेडचा मुलूख त्यातच गेला. ढाणकीच्या काळ्या जमिनीचा सारा आता त्या फौजेच्या पगाराला जाऊ लागला.

या फौजेचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा स्वाराचा, हत्यार बहुतेक त्याचेच, सरकार महिन्याला ठरावीक रक्कम देई. मराठी वाचकाला ही पद्धत नवी नाही. अधिकारी इंग्रज, आणि कमरेचे पिस्तूल तेही आपल्या पैशाने विकत घेत. म्हणून कोणते पिस्तूल घ्यावे याचा वाद लंडनच्या दुकानांपासून हिंगोलीच्या छावणीपर्यंत प्रत्येक अधिकाऱ्याचा खासगी वाद होता.

वादाच्या दुसऱ्या बाजूला होता रॉबर्ट ॲडम्स, लंडनच्या डीन बंदूकवाल्यांच्या पेढीतला कारागीर. फेब्रुवारी १८५१ मध्ये त्याने पेटंट घेतले आणि त्याच वर्षीच्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याचे आणि कोल्टचे हत्यार आमनेसामने आले. त्याच प्रदर्शनात लाहोरहून नेलेला कोहिनूर मांडला होता. गर्दी तिकडे जास्त होती.

ॲडम्सने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कोल्टची नळी चक्रीच्या आसाला एका पाचरीने अडकवलेली असे, वरून चौकट उघडी. ॲडम्सने नळी आणि चौकट एकाच लोखंडातून घडवली. पाचर ढिली होण्याचा प्रश्नच उरला नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याच्या पिस्तुलाच्या घोड्याला अंगठा लावायला टोकच नव्हते. नुसता चाप ओढायचा, म्हणजे घोडा उठतो, चक्री फिरते आणि घोडा पडतो. एका बोटाचे काम. पाच बार जितक्या लवकर बोट हलेल तितक्या लवकर. तोटा असा की चाप जड आणि लांब, त्यामुळे दूरचा नेम हलतो.

क्रिमियाच्या युद्धात, ५ नोव्हेंबर १८५४ च्या इंकरमनच्या लढाईत, ८८ व्या पलटणीचा क्रॉस नावाचा अधिकारी रशियन शिपायांच्या गराड्यात सापडला. त्याने नंतर ॲडम्सला पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ असा: प्रत्येक बाराला अंगठ्याने घोडा चढवावा लागला असता तर मी वाचलो नसतो. ॲडम्सने या पत्राची जाहिरात करायची संधी सोडली नाही.

बर्मिंगहॅमच्या विल्यम ट्रँटरने १८५३ मध्ये दोन चाप बसवून पाहिले. खालचा मधल्या बोटाने ओढला की घोडा चढतो, वरचा नुसता स्पर्शाने सुटतो. युक्ती चांगली, पण गडबडीत कोणते बोट कुठे हे विसरायला होते. शेवटी खरी सोय केली क्रिमियाहून आलेल्या फ्रेडरिक बोमाँट या तरुण लेफ्टनंटने. १८५६ मध्ये त्याची सुधारणा ॲडम्सच्या पिस्तुलाला जोडली गेली. दूरचा नेम असेल तर घोडा अंगठ्याने चढवा, चाप हलका होतो. माणूस अंगावर आला असेल तर नुसता चाप ओढत राहा. एकाच हत्यारात दोन्ही. आजवर बनलेल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांत हीच रचना आहे, आणि माझ्या मते रिव्हॉल्व्हरच्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा कोल्टची नाही, या फारशा कोणाच्या लक्षात नसलेल्या लेफ्टनंटची आहे. ब्रिटिश फौजेने ती त्याच वर्षी स्वीकारली. कोल्टचा लंडनचा कारखाना लवकरच बंद पडला.

मग १८५७. त्या वर्षाबद्दल बोलताना आपण एन्फिल्ड रायफलच्या चरबी लावलेल्या काडतुसांपाशी थांबतो. ते बरोबरच आहे. पण रिव्हॉल्व्हरची तोवरची सर्वांत मोठी परीक्षा याच धुमाळीत झाली. क्रिमियात लढाया रांगांच्या होत्या. इथे गल्लीत, गढीच्या दरवाजात, घोड्यावरून पाठलागात, एका माणसाभोवती चार तलवारी असे प्रसंग रोजचे. कोल्टच्या नौदली नमुन्याची गोळी सुमारे नऊ मिलिमीटर जाडीची, पाच ग्रॅमच्या आसपास. ॲडम्सच्या नेहमीच्या नमुन्याची साडेआठ ग्रॅमला जरा कमी, जाडी अकरा मिलिमीटरहून जास्त.

या फरकाचा किस्सा जॉर्ज फॉस्बेरीने सांगितला आहे. हा बंगाल फौजेतला अधिकारी, सरहद्दीवर अंबेलाच्या मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला. नेमबाजीचा अभिमान असलेल्या एका अधिकाऱ्यावर तलवार घेतलेला एक शिपाई चालून आला. अधिकाऱ्याने कोल्टचे सहा बार टाकले. पाच गोळ्या शिपायाच्या छातीत जवळजवळ लागल्या आणि पाठीतून निघून गेल्या. तरी तो थांबला नाही. त्याने अधिकाऱ्याचे डोके दातांपर्यंत चिरले आणि मग तो त्याच्याशेजारी कोसळून मेला. फॉस्बेरीने ही गोष्ट १८९६ च्या व्याख्यानात सांगितली, आणि त्याच सुमारास त्याने स्वतःही एक नवे रिव्हॉल्व्हर काढले होते, हे ध्यानात ठेवावे. गोष्ट सांगणाऱ्याचा माल विकायला ठेवलेला असला की गोष्ट जरा धारदार होते. पण मोठ्या, जड, हळू गोळीवरची ब्रिटिश फौजेची श्रद्धा पुढे पाऊणशे वर्षे टिकली, ती अशा किश्श्यांवरच. त्या शिपायाचे नाव किश्श्यात नाही.

कंटिन्जंटची पथके मेजर ऑरच्या हाताखाली सर ह्यू रोजच्या मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेत गेली. झाशीचा वेढा, १ एप्रिल १८५८ ला बेतवाकाठी तात्या टोप्यांशी झालेली लढाई, कुंच, काल्पी, ग्वाल्हेर. म्हणजे उमरखेड-ढाणकीकडून वसूल झालेल्या साऱ्यातून ज्या स्वारांचा पगार निघत होता ते झाशीच्या तटाखाली उभे होते. त्या पैशाची वाट शेतकऱ्याला कोणी विचारली नव्हती. ऑक्टोबरच्या अखेरीस तात्या नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आले तेव्हा वऱ्हाडात धावपळ उडाली. मेळघाटाच्या वाटा रोखल्या गेल्या आणि तात्यांना पश्चिमेला वळावे लागले. ७ एप्रिल १८५९ ला ते पकडले गेले आणि १८ तारखेला शिवपुरीला फाशी गेले.

त्याच हिवाळ्यात या मुलखात रोहिले फिरत होते. निजामाच्या आणि सावकारांच्या चाकरीतून सुटलेले, पगार थकलेले, हत्यार हाताशी असलेले लोक. त्यांच्या एका टोळीने रिसोड लुटले आणि चिंचांबा या गावाच्या भिंतींआड आसरा घेतला. रिसोड आज वाशिम जिल्ह्यात आहे. त्या वेळचा हा सगळा पट्टा, पुसद-उमरखेड धरून, एकाच कारभाराचा होता. बासिम, म्हणजे जुना वाशिम, जिल्हा १९०५ मध्ये मोडला तेव्हा पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला आणि त्याबरोबर ढाणकीही आली.

१५ जानेवारी १८५९ ला कंटिन्जंटच्या दुसऱ्या रिसाल्याचा हर्बर्ट क्लॉगस्टन फक्त आठ स्वार घेऊन या टोळीवर तुटून पडला. टोळी गावातून बाहेर निघत होती. तिला त्याने परत आत रेटले आणि शेवटी लूट टाकून देणे भाग पाडले. तो स्वतः जबर जखमी झाला. आठापैकी सात स्वार गेले. क्लॉगस्टनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ६ मे १८६२ रोजी हिंगोलीजवळ अशाच एका चकमकीत तो मारला गेला. त्या सात स्वारांची नावे प्रशस्तीत नाहीत, आणि हिंदी शिपायाला तो क्रॉस १९११ पर्यंत मिळूच शकत नव्हता.

चिंचांब्यासारख्या चकमकीत रिव्हॉल्व्हरची मर्यादा उघडी पडते. पाच किंवा सहा बार, हे खरे. पण ते संपल्यावर? प्रत्येक घरात पुन्हा दारू, पुन्हा गोळी, दांड्याने ठासणे, मागे टोपी बसवणे. कागदी काडतूस असले तरी धावत्या घोड्यावर हे जमत नाही. म्हणून ज्याला परवडे तो दोन पिस्तुले बाळगे. फुटलेल्या टोपीचा पत्रा घोड्याखाली घसरला की चक्री अडकते, ती वेगळी कटकट. पावसात दारू ओली झाली की पाचही बार मुके. सहा बार टाकणारे यंत्र तयार झाले होते. सहा बार भरणारे अजून व्हायचे होते.

ते झाले धातूच्या काडतुसाने. टोपी, दारू आणि गोळी एकाच नळकांड्यात. त्यासाठी चक्रीची घरे मागपर्यंत आरपार कोरावी लागतात. अमेरिकेत या रचनेचे पेटंट रोलिन व्हाइट याने ३ एप्रिल १८५५ ला घेतले आणि ते स्मिथ अँड वेसनच्या हाती गेले, त्यामुळे १८६९ पर्यंत कोल्टची कंपनी अडून राहिली. कोल्ट स्वतः जानेवारी १८६२ मध्ये वारला. अमेरिकेचे यादवी युद्ध तेव्हा ऐन भरात होते. त्या युद्धाने त्याच्या कारखान्याची भरभराट झाली आणि त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडल्यामुळे वऱ्हाडच्या कापसाचा भावही आभाळाला भिडला. ढाणकीकडच्या शेतकऱ्याचा आणि कनेक्टिकटच्या बंदूकवाल्याचा इतका जवळचा संबंध पुन्हा कधी आला नाही.

इंग्लंडमध्ये असे पेटंट आड आले नाही. १८६६ चे बॉक्सरचे काडतूस, मग रॉबर्टचा भाऊ जॉन ॲडम्स याचे मागून भरायचे रिव्हॉल्व्हर. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला तो याच काळातला. आता अडले ते रिकामी नळकांडी काढण्यापाशी. ती जाळाने फुगून घरात चिकटतात आणि एकेक करून दांड्याने ढकलावी लागतात. १८८० चे सरकारी एन्फिल्ड रिव्हॉल्व्हर यावर तोड म्हणून आले. त्यात नळी खाली झुकवली की चक्री पुढे सरके, नळकांडी मागे राहून खाली पडत. सर्वांत खालचे मात्र अनेकदा आतच अडके. अधिकारी त्याच्यावर वैतागलेले असत, आणि ते योग्यच होते. १८८७ मध्ये वेब्लीचे रिव्हॉल्व्हर फौजेने घेतले. हे बिजागरीवर मोडते, आणि मोडताना मधली चांदणी वर येऊन सहाही नळकांडी एकदम बाहेर फेकते. कोलियरपासून सुरू झालेली वाट इथे बहुतेक संपली. पुढच्या सगळ्या सुधारणा डागडुजीच्या.

यंत्र पूर्ण झाले तोवर ते कोणाच्या हाती जावे हेही ठरून गेले होते. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने हत्यारांचा कायदा केला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. हत्यारासाठी परवाना लागू लागला, युरोपियनांना त्यातून सूट होती. दुसऱ्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके निजामाच्या मुलखात रोहिल्यांची फौज उभी करू पाहत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर चिंचांब्याच्या भिंतींआड लढणारे तसलेच लोक होते. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले.

पुढे मराठी तरुणांच्या हाती छोटी हत्यारे आली तेव्हा ती चोरवाटेनेच आली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेली गोळी ब्राउनिंग पिस्तुलाची होती. सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक. ती पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या दुहेरी तळातून आली होती. हे पिस्तूल चक्रीचे नव्हतेच. बाराच्या धक्क्यानेच पुढचे काडतूस आत घेणारे ते नवे यंत्र होते. रिव्हॉल्व्हर सुधारता सुधारता मागे पडले होते.

पण महाराष्ट्रातून नाहीसे झाले नव्हते. सोलापूरच्या मार्शल लॉ प्रकरणातल्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली. त्याचा सूड म्हणून त्याच वर्षी २२ जुलैला पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर रिव्हॉल्व्हर झाडले. गोळी नेमकी छातीवर बसली, पण खिशातल्या वहीच्या धातूच्या बटणावर आदळून वाया गेली, असे सांगितले जाते. मोठ्या गोळीवर इतकी वर्षे वाद घालणाऱ्या इंग्रजांचा गव्हर्नर एका बटणाने वाचला. गोगटे पुढे जन्मभर ‘हॉटसन गोगटे’ म्हणूनच ओळखले गेले.

कंटिन्जंट १९०३ मध्ये हिंदी फौजेत विरघळली. क्लॉगस्टनचा रिसाला डेक्कन हॉर्स झाला. त्याच्या आदल्याच वर्षी वऱ्हाड पंचवीस लाख रुपये वार्षिक खंडाने कायमचे इंग्रजांकडे गेले होते. कानपूरच्या सरकारी कारखान्यात आपल्याकडच्या नागरिकांसाठी बनलेले .३२ बोअरचे जुने रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच घडणीचे आहे. तेही बिजागरीवर मोडते, तशीच रिकामी काडतुसे बाहेर टाकते. १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली आहे. ढाणकीतल्या माणसाला असे रिव्हॉल्व्हर बाळगायचे असेल तर परवान्याचा अर्ज यवतमाळला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. .३८ आणि .४५५ बोअर, म्हणजे फौजेच्या जुन्या वेब्लीची मापे, सामान्य नागरिकाला अजूनही मिळत नाहीत.